बोका चावरा नाही, बेकार आहे

आमचे हे रविवारी बडोद्यातल्या खंडेराव मार्केटला भाजी आणायला गेले आणि पिशवीत मेथी, वांगी आणि एक मांजराचं पिल्लू घेऊन परत आले. कोबीच्या पाल्यात एकटंच ओरडत बसलं होतं म्हणे. डॉक्टरांनी दात बघून वय सांगितलं, पाचेक आठवडे. मार्केटवरून नाव पडलं खंड्या. मस्ती अंगात आली की 'श्रीमंत खंडेराव'. बडोद्याच्या गादीवर १८५६ ते १८७० या काळात असलेल्या खंडेराव महाराजांना कुस्त्यांचा भारी शौक होता. आमच्या खंडेरावानं तेवढा एक गुण बरोबर उचलला.

सात महिन्यांचा झाला तोवर माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे होते. मी बँकेत काउंटरवर बसते. एका नेहमीच्या गुजराती आजींनी पासबुक देता देता माझे हात पाहिले आणि आवाज खाली आणून विचारलं, "बेन, घेर बधुं बराबर छे ने?" म्हणजे घरी सगळं ठीक आहे ना. मी बोका आहे म्हणून सांगितलं. त्यांचा विश्वास बसला असं काही वाटलं नाही.

त्या दिवसापासून आम्ही त्याचं चावणं-ओरबाडणं थांबवायचं मनावर घेतलं. पुढची दीड वर्षं चुकत-माकत जे कळलं ते खाली क्रमानं लिहिलं आहे. तुमच्याकडे नुकतंच पिल्लू आलं असेल तर पायरी दोन आजच वाचा, बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल.

१. खेळतंय की चिडलंय, ते आधी ओळखा

खेळणारं मांजर बहुधा गप्प असतं. कान पुढे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, पोट जमिनीला टेकलेलं, मागचा भाग डावी-उजवीकडे हलतो आणि मग झेप. पुढच्या पायांनी हात धरून मागच्या पायांनी लाथा मारायच्या, हा सगळा शिकारीचाच सराव. दुखतं खूप, पण त्यात राग नसतो.

चिडलेलं किंवा घाबरलेलं मांजर आवाज करतं. फिस्कारतं, गुरगुरतं, कान मागे चपटे करतं, अंगावरचे केस उभे करून तिरकं उभं राहतं. अशा वेळी खेळणं हलवायचं नाही, उचलायला जायचं नाही, फक्त वाट द्यायची.

तिसरा प्रकार लाडातला. मांडीवर बसून घुरघुरत असतं आणि अचानक वळून चावा घेतं. आपल्याला ते अचानक वाटतं, पण त्याआधी शेपटीचं टोक फटफट हललेलं असतं आणि पाठीवरची कातडी लाटेसारखी थरथरलेली असते. तिथेच हात काढायचा. आणि पोट वर करून लोळलं याचा अर्थ 'पोटावरून हात फिरवा' असा नाही. माझ्या मुलीला हे पटायला चार चावे लागले.

चौथा प्रकार मला सर्वांत उशिरा कळला. आमच्या गॅलरीसमोरच्या भिंतीवर एक काळा बोका येऊन बसायचा. खंड्या जाळीला नाक लावून थरथरायचा, आणि जो कुणी जवळून जाईल त्याची पोटरी धरायचा. राग त्या बोक्यावरचा, मार आपल्याला. अशा वेळी पडदा ओढा, खोलीत अंधार करा आणि त्याला एकटं सोडा. शांत व्हायला कधी कधी तास-दोन तासही लागतात. मध्येच समजूत घालायला गेलात तर हाताला टाके पडतील.

मांजर एरवी शांत असेल आणि एकाएकी असं वागू लागलं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. दातदुखी, सांधेदुखी, आणि वय झालेल्या मांजरांत थायरॉइड, या सगळ्यांत स्वभाव फिरतो.

२. हात हे खेळणं नाही. आजपासून

मूळ चूक आमचीच. पिल्लू तळहाताएवढं असताना गोधडीखाली बोटं हलवायची आणि त्यानं त्यावर उड्या मारायच्या, हा आमचा रोजचा रात्रीचा कार्यक्रम. किती गोड दिसायचं! सगळ्यांनी व्हिडिओ काढले. सहा महिन्यांनी तेच पिल्लू साडेतीन किलोचं झालं आणि खेळ मात्र तोच राहिला.

पिल्लं चावण्याची मर्यादा आईकडून आणि भावंडांकडून शिकतात. एकानं जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ सोडून निघून जातं. आई पंजा मारते. पाचव्या आठवड्यात एकटं पडलेलं पिल्लू ही शाळा अर्धवट सोडून तुमच्याकडे आलेलं असतं. म्हणून कुठून पिल्लू घेणार असाल तर आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. बारा आठवडे थांबता आलं तर फारच छान. दोन भावंडं एकत्र आणलीत तर निम्मं काम तीच एकमेकांचं करतात.

नियम एकच आणि तो घरातल्या प्रत्येकाला लागू: बोटं, पाय, पदराचं टोक, गाउनची नाडी यांनी खेळायचं नाही. सापळा इथेच आहे. मी नियम पाळायचे, आणि हे संध्याकाळी ऑफिसातून आले की सोफ्यावर बसून हातानं 'कुस्ती' खेळायचे. "माझा हात जाड आहे, मला लागत नाही," हा त्यांचा युक्तिवाद. लागत होतं ते सासूबाईंना, कारण बोक्याला कुणाचा हात जाड आणि कुणाचा पातळ ते कसं कळणार? सासूबाई रक्त पातळ होण्याची गोळी घेतात. एक साधा ओरखडा अर्धा तास वाहत राहिला, तेव्हा कुठे यांची कुस्ती बंद झाली.

३. सामान आणि कागदपत्रं

बाजारातून विकत आणण्यासारख्या वस्तू फार थोड्या. काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला पिसं, असं गळासारखं खेळणं एक हवंच. तुमचा हात आणि त्याचे दात यांच्यात अडीच-तीन फूट अंतर राहतं, ही त्याची खरी किंमत. घरी करायचं असेल तर पतंगाची जुनी कामटी घेऊ नका, ती चिरते. बांबूची गुळगुळीत काठी घ्या, सुती दोरी आणि टोकाला चिंधी.

दुसरी वस्तू म्हणजे लाथा मारायचा मोजा. जुना लांब मोजा, आत चिंध्या ठासून भरलेल्या, तोंड शिवून टाकलेलं. लांबी तुमच्या कोपरापासून मनगटापर्यंत हवी. तरच पुढच्या पायांनी धरून मागच्या पायांनी लाथा मारता येतात. छोटा चेंडू दिलात तर लाथा मारायला तो पुन्हा तुमचाच हात शोधेल.

बाकी टेबल टेनिसचे दोन चेंडू, किराण्याची खोकी, अंड्यांचा रिकामा ट्रे, सुतळी गुंडाळलेला एखादा लाकडी खांब नख्या घासायला, मांजराची नख्या कापायची कात्री, आणि झाकणाची एक मजबूत टोपली. टोपली नेहमी उघडी ठेवा, आत जुना टॉवेल घाला, त्याला त्यात झोपू द्या. डॉक्टरकडे जायच्या दिवशीच माळ्यावरून काढलीत तर तुम्ही टोपलीच्या अलीकडे आणि बोका फ्रिजच्या पलीकडे, असा अर्धा दिवस जाईल.

एका फाइलमध्ये ठेवायचं ते असं: लसीकरणाचं कार्ड, नसबंदीचा कागद, त्याचा एक स्पष्ट फोटो, प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर, रात्री उघडा असणारा एक दवाखाना, आणि तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांचा नंबर. शेवटचा का, ते पायरी नऊमध्ये येईल.

एक सावधगिरी. मी एका दुकानातून सुंदर कापडी उंदीर आणला होता, डोळे मण्यांचे, डिंकानं चिकटवलेले. दुसऱ्या दिवशी उंदीर आंधळा होता आणि मणी दोन दिवसांनी वाळूच्या ट्रेमध्ये सापडले. आमचं नशीब. खेळणं आणलं की मणी, घुंगरू, चमकी आधी उपटून टाका.

४. दिवसातून दोनदा शिकार

बाकी सगळं या पायरीच्या भोवती फिरतं, म्हणून जरा सविस्तर.

मांजर एका जागी बसून एक मोठं जेवण करणारा प्राणी नाही. बाहेर असतं तेव्हा दिवसभर छोट्या-छोट्या शिकारी करतं, आणि त्यातल्या कित्येक फसतात. फ्लॅटमध्ये त्याला वाटीत आयतं मिळतं. अंगातला जोर मात्र तेवढाच शिल्लक राहतो आणि घरात हलणारी गोष्ट एकच असते, ती म्हणजे तुमचे पाय. बेकार पहिलवान गल्लीत उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याची कळ काढतो, तसं.

म्हणून सकाळी एकदा आणि रात्री एकदा, दहा ते पंधरा मिनिटं. पिल्लू असेल तर दुपारी तिसरी वेळही. वेळ ठरलेली हवी. आमच्याकडे सकाळी सव्वासहा आणि रात्री साडेनऊ.

कसं खेळवायचं? बहुतेक लोक पिसं मांजराच्या तोंडासमोर नाचवतात. मांजर दोन पंजे मारतं, कंटाळतं आणि मनगट धरतं. शिकार कधी शिकाऱ्याच्या तोंडात येऊन नाचते का? ती पळते, लपते, दबते. तुम्ही पाल व्हायचं आहे.

आमची रात्रीची वेळ सांगते. मी खुर्चीवर बसते, काठी हातात. चिंधी जमिनीवरून सरपटत सोफ्याखाली नेते आणि थांबवते. काही नाही. खंड्या जेवणाच्या टेबलाखाली पसरलेला, फक्त मान उचलतो. मी चिंधीचं टोक जरासं बाहेर काढते, खस्स, आणि परत आत. आता त्याचे कान पुढे येतात. मी पुन्हा थांबते. हे थांबणं फार महत्त्वाचं, कारण दबा धरणं हाच त्याचा अर्धा खेळ आहे. त्याचं ढुंगण हलायला लागलं की चिंधी पडद्याच्या दिशेनं पळते, आणि हा चार फुटांवरून झेप घेतो. पहिल्या दोन वेळा हुकू द्यायचं, तिसऱ्यांदा पकडू द्यायचं. पकडली की दोरी ढिली सोडा, ओढाताण करू नका. त्याला दोन क्षण तोंडात धरून मिरवू द्या. मग पुन्हा पळापळ.

दहाव्या मिनिटाला वेग कमी करायचा. पाल जखमी झाली आहे, लंगडत चालली आहे. शेवटची पकड पक्की होऊ द्यायची आणि लगेच वाटीत जेवण वाढायचं. शिकार, पकड, जेवण, मग अंग चाटणं आणि झोप, हा मांजराचा जन्मजात क्रम आहे. तो पूर्ण झाला की बोका स्वतःहून आडवा होतो. मध्येच खेळणं कपाटात टाकून टीव्ही लावलात तर उरलेला क्रम तो तुमच्यावर पूर्ण करेल.

लेझरचा लाल ठिपका आम्हीही आणला होता. बोका धावतो खूप, पण हाती काहीच लागत नाही आणि शेवटी भिंतीकडे बघत वेड्यासारखा घुटमळतो. वापरायचाच असेल तर शेवटी ठिपका एखाद्या खऱ्या खेळण्यावर किंवा खाऊच्या दाण्यावर नेऊन विझवा, आणि डोळ्यांवर कधीही मारू नका.

खेळ संपला की दोरीचं खेळणं कपाटात, कडी लावून. कारण पायरी दहामध्ये.

जेवणाबद्दल एक बाजूची गोष्ट. आपल्या घरांतून मांजराला दूधभात घालायची पद्धत आहे आणि सासूबाईंचाही तोच आग्रह होता. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, आणि नुसत्या भातावर मांजर जगत नाही. त्याला मांसातूनच मिळणारी काही सत्त्वं लागतात. आमच्या सोसायटीत कुकरमध्ये चिकन शिजवणं म्हणजे सर्वसाधारण सभेला विषय देणं, म्हणून आम्ही मांजरांचं तयार कोरडं खाणं देतो. त्यातलं निम्मं वाटीत न घालता अंड्याच्या ट्रेच्या खळग्यांत टाकते. पंजानं एकेक दाणा उकरून खाण्यात त्याची वीस मिनिटं जातात. तेवढ्यात माझा डबा भरून होतो.

५. चावलाच, तर त्या क्षणी

हात ओढू नका. कठीण आहे, पण ओढलेला हात म्हणजे पळणारी शिकार, आणि पकड घट्ट होते. हात ढिला सोडा, थांबा, जमल्यास किंचित त्याच्याच दिशेनं ढकला. गोंधळून तो पकड सोडतो. मग काही न बोलता उठा आणि दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावा. एक-दोन मिनिटं पुरेत. जास्त वेळ ठेवलंत तर त्याचा चाव्याशी संबंध त्याला लागत नाही.

ओरडू नका. आमची मुलगी 'आई गं' करून किंचाळत पळायची आणि खंड्याच्या दृष्टीनं त्याहून रंगतदार खेळ नव्हता.

मारणं, नाकावर टिचकी, मानेची कातडी धरून उचलणं, तोंडावर पाणी उडवणं, हे सगळं शेजारीपाजारी सुचवतील. आम्ही पाण्याचा फवारा आठवडाभर केला. निष्पन्न एवढंच, की ज्याच्या हातात बाटली नसेल त्याला तो चावू लागला. भ्यालेलं मांजर खेळात चावायचं थांबून खरोखरीचं चावायला लागतं, आणि तिथून मागे येणं फार अवघड जातं.

हातावर झेप घेण्याच्या बेतात दिसला तर मोजा पुढे करा. आम्ही प्रत्येक खोलीत एक मोजा ठेवला आहे. पाहुण्यांना विचित्र वाटतं.

६. पहाटेचे चार

मांजर अगदी दिवसा किंवा अगदी रात्री जागणारं नाही, त्याचा जोर पहाटे आणि तिन्हीसांजेला. त्यामुळे पहाटे चारला पांघरुणातल्या अंगठ्यावर हल्ला हा स्वभावच म्हणायचा. उपाय रात्रीच्या खेळात आणि त्यानंतरच्या जेवणात आहे. खेळ झोपायच्या अगदी आधी ठेवा.

तरीही चारला आला तर उठून खायला घालू नका. एकदा घातलंत की त्याच्या डोक्यात पक्कं बसतं: अंगठा चावला की वाटी भरते. लक्ष न देण्याचं ठरवलंत तर पहिले आठ-दहा दिवस त्याचा उपद्रव वाढतो. तिथेच लोक हार मानतात. आम्हीही नवव्या दिवशी हरलो आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. दार लावून झोपणं हाही सरळ उपाय आहे, त्यात काही निर्दयपणा नाही.

७. घर उंचीनं वाढवा

दोन खोल्यांच्या फ्लॅटला चौरस फूट वाढवता येत नाहीत, पण उंची सगळ्यांकडे असते. कपाटाच्या वरची जागा मोकळी करा, तिथपर्यंत पोचायला मध्ये एक फळी. खिडकीत बसायला जागा, जाळी मात्र पक्की. डासांची जाळी मांजराच्या वजनाला टिकत नाही. खोकी दर आठवड्याला बदला, जुनी टाका. खंड्याला विकतच्या घरापेक्षा आंब्याची पेटी जास्त आवडते.

८. लस, नसबंदी, नख्या

तिहेरी लस साधारण आठव्या आठवड्यात, तीन-चार आठवड्यांनी तिचा दुसरा डोस. रेबीजची बाराव्या आठवड्याच्या सुमारास, आणि मग डॉक्टर सांगतील तसं दरवर्षी. मांजर घराबाहेर जात नाही म्हणून रेबीजची लस टाळू नका.

नसबंदी साधारण पाच-सहा महिन्यांची झाल्यावर. लघवीचे फवारे मारणं, भटकणं, बाहेरच्या बोक्यांशी मारामाऱ्या यांत फरक पडतो. पण 'ऑपरेशन केलं की चावायचं थांबेल' ही समजूत चुकीची. खेळातलं चावणं ऑपरेशननं जात नाही. आम्ही टाके निघाल्यावर चौथ्या दिवशी निराश झालो होतो.

नख्या दोन-तीन आठवड्यांनी, फक्त टोकाचा पारदर्शक भाग. आतली गुलाबी रेघ म्हणजे रक्तवाहिनी, तिच्या अलीकडे थांबा. झोपेत असताना दिवसाला दोन नख्या कापल्या तरी काम होतं. नख्या कायमच्या काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यात बोटाचं शेवटचं हाडच कापतात.

९. रक्त निघालं तर

हे गमतीत नेऊ नका. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली, साबणानं, घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुवा. पंधरा मिनिटं किती लांब असतात ते तेव्हा कळतं. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका, घट्ट पट्टी बांधू नका. त्याच दिवशी डॉक्टर.

मांजराचे दात सुईसारखे. वरचं छिद्र टिंबाएवढं दिसतं आणि लगेच मिटतं, जंतू आत राहतात. बोटाच्या सांध्यापाशी चावा असेल आणि दुसऱ्या दिवशी सूज, ठणका दिसला तर ते काम घरगुती मलमाचं नाही. मधुमेह असलेले, रक्त पातळ करणारी गोळी घेणारे आणि लहान मुलं यांनी सुजेची वाटसुद्धा पाहू नये.

रेबीजच्या लशीचं काय, हे घरी बसून ठरवायचं नाही. मांजराचं लसीकरणाचं कार्ड घेऊन जा आणि डॉक्टरांना ठरवू द्या. रक्त आलेल्या चाव्याला लशीबरोबर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागू शकतं. कातडीत द्यायची लस सुरू झाली तर ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. चावलेल्या मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगतात. ते आजारी पडलं, दिसेनासं झालं तर लगेच कळवायचं. मांजर भटकं असेल तर विचार करत बसूच नका. बडोद्यात सयाजी हॉस्पिटल आहे, सरळ तिथे जा.

१०. उत्तरायण, मे महिना आणि झोपाळा

बाहेरगावहून बडोद्यात आलेल्यांसाठी ही पायरी मुद्दाम.

१४ आणि १५ जानेवारीला, उत्तरायणात, इथे सगळं शहर पतंग उडवायला गच्चीवर असतं. त्यानंतर महिनाभर मांजा झाडांवर, तारांवर, गॅलरीच्या कठड्यावर लोंबत राहतो. दोरीशी खेळायला शिकलेल्या मांजराला हे म्हणजे बक्षीसच. पण त्याच्या जिभेवरचे काटे आतल्या दिशेला वळलेले असतात, तोंडात गेलेला दोरा बाहेर थुंकता येत नाही, गिळलाच जातो. आतड्यात अडकला की करवतीसारखा कापत जातो. काचेचा मांजा असेल तर विचारूच नका. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर कधीही ओढू नका, तसाच डॉक्टरकडे न्या. आम्ही ते दोन दिवस गॅलरी बंद ठेवतो आणि नंतर रोज सकाळी झाडून घेतो. हाच नियम शिवणाच्या दोऱ्याला, सुईला, केसांच्या रबरला आणि त्या गळासारख्या खेळण्यालाही.

मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा खेळ सूर्य उगवायच्या आधी आणि रात्री उशिरा, तोही पाच-सात मिनिटांचा. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकू लागलं की खेळ तिथेच थांबवा, गार जागी न्या. थोड्या वेळात थांबलं नाही तर दवाखाना.

आणि झोपाळा. इथल्या घरांत तो असतोच, आमच्याकडेही आहे, सागवानी, पितळी कड्यांचा. खंड्याला हलणाऱ्या झोपाळ्याखालून पलीकडे झेप घ्यायची भयंकर हौस. फळीची कड डोक्यात बसली तर मांजर जागच्या जागी मरू शकतं. बसायच्या आधी वाकून खाली बघायचं आणि खेळाच्या वेळी साखळी भिंतीच्या हुकाला अडकवायची. सासूबाई आता बसण्याआधी "खंडेराव, बाजूला" असं म्हणतात. तो होत नाही, पण निदान कुठे आहे ते कळतं.

११. कॅलेंडरवर ठिपके

किती दिवस लागतील? बऱ्याच मांजरांचा जोर दोन वर्षांच्या आसपास ओसरतो. त्याआधी फरक पडतो, पण इतका हळू की घरातल्यांना दिसत नाही. म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आम्ही प्रत्येक चाव्याला लाल ठिपका काढू लागलो. पहिल्या महिन्यात एकेचाळीस. त्यातले बरेच महिनाअखेरीचे होते, जेव्हा बँकेतून मला यायला नऊ वाजतात आणि रात्रीचा खेळ बुडतो. हे ठिपक्यांशिवाय कधीच लक्षात आलं नसतं. आता त्या आठवड्यात काठी मुलीच्या हातात असते.

मागच्या महिन्यात तीन ठिपके. त्यातला एक खोडावा असं सासूबाईंचं म्हणणं आहे, कारण शेपटीवर पाय त्यांचाच पडला होता.